अंगठाछाप गोल

तत्त्वज्ञानातले मोठे प्रश्न मोठ्या माणसांना फार सोयीच्या जागी पडतात. कुणाला झाडाखाली पडतात, कुणाला तुरुंगात, कुणाला नदीकाठी. या तिन्ही जागांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे पुढे रांग नसते. माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला असा एखादा प्रश्न पडायला लागलाच, तर तो दुपारी साडेबाराच्या सुमाराला काउंटरवर पडायला लागतो आणि पासबुक भरून घ्यायला आलेला एकोणिसावा माणूस तो पुरता पडू देत नाही. त्यामुळे काम बरोबर केले आणि फळ चुकीचे आले, किंवा काम चुकीचे केले आणि फळ बरोबर आले, तर शाबासकी कुणाच्या पाठीवर द्यायची, या प्रश्नाशी माझी समोरासमोर गाठ पडायला वयाची चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. गीतेत या बाबतीत निकाल लागलेला आहे, हे मी लहानपणापासून ऐकून आहे. पण अर्जुनाची गोष्ट वेगळी होती. त्याच्यापुढे अकरा अक्षौहिणी सैन्य होते. माझ्यापुढे अकराच पोरे होती, पण त्यांतले एक माझे होते.

मी कोल्हापूरचा. बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटले की अंबाबाई, कुस्ती, चप्पल आणि तांबडा रस्सा आठवतो, आणि बहुधा याच्या उलट क्रमाने आठवतो. फुटबॉल मात्र कुणालाच आठवत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. तालीम म्हणजे कुस्तीची जागा हे खरेच. पण पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम यांतले कुठलेही नाव आमच्याकडे चहाच्या टपरीवर काढा, समोरचा माणूस कुस्तीचे विचारणार नाही, गोल किती झाले ते विचारील. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की त्या दोन पेठांतल्या सोयरिकीसुद्धा दोन दिवस थंड पडतात. वर्ल्ड कपच्या दिवसांत गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. त्या देशांना याची कल्पना नसेल, पण त्यांच्यासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ महिनाभर बोलत नाहीत. आणि २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात भारताकडून आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून तर गावातला प्रत्येक बाप झोपलेल्या पोराची पावले निरखून बघू लागला. आमचे चिरंजीव त्या वेळी बालवाडीत होते. मी त्यांचीही पावले बघितली. ती घाणेरडी होती, एवढेच लक्षात आले.

आता चिरंजीव बारा वर्षांचे आहेत आणि सकाळी सहाला त्यांना स्कूटरवरून मैदानावर नेण्याचे काम माझ्याकडे आहे. शिकवणारे सर एका तालमीकडून पंधरा वर्षे खेळलेले. दिवसा एका फौंड्रीत सुपरवायझर, सकाळी फुकट कोच. उजवा गुडघा बसता-उठता वाजतो. पोरे लांबून त्या आवाजावरून सर आले म्हणून ओळखतात.

किक म्हणजे लाथ, एवढेच माझे या विषयातले ज्ञान होते. लाथ मारीन तिथे पाणी काढीन ही म्हण ज्याने काढली, त्याने लाथ कशी मारायची हे कुठे सांगून ठेवलेले नाही. सरांनी सांगितले. पहिले दोन आठवडे तर त्यांनी पोरांना चेंडू मारूच दिला नाही. मारायच्या पायाआधी टेकायचा पाय शिकायचा. तो चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर पडला पाहिजे आणि त्याचे बोट जिकडे चेंडू जायचा तिकडे पाहिजे. तो मागे राहिला की अंगही मागे झुकते आणि चेंडू गोलऐवजी पंचगंगेच्या दिशेने जातो. फार पुढे गेला की चेंडू पायाखाली सापडून आपणच लोळतो. हे ऐकून मला आमच्या बँकेची आठवण झाली. नोटा मोजून देणारा कॅशिअर सगळ्यांना दिसतो. पण व्हाउचर आधी पास करणारा जो मागे बसलेला साहेब असतो, तो चुकीच्या जागी बसला की कॅशिअर कितीही हुशार असून उपयोग नसतो. टेकायचा पाय म्हणजे पास करणारा साहेब. हे मी सरांना सांगितले. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही बाजूला उभं ऱ्हावा, चेंडू लागंल."

मग धाव. समोरून सरळ धावायचे नाही, थोडे तिरके यायचे, म्हणजे कमरेला वळायला जागा मिळते. मग घोटा. घोटा कुलूप लावल्यासारखा घट्ट, बोटे खाली, आणि चेंडूला लागायचा तो बुटाच्या नाड्यांचा भाग. तिथे पायाचे हाड रुंद आणि सपाट असते. गुडघा चेंडूच्या वर. उलटा हात बाजूला, तोल राहायला. आणि मान खाली. ही मान सगळ्यात अवघड. बारा वर्षांचे पोर चेंडू मारायच्या आधीच गोल झाला का ते बघायला मान वर करते, आणि मान वर गेली की खांदे वर जातात, खांद्यांमागून चेंडू. सर ओरडायचे, "अरं, कुठं बघायलाईस? गोलाचं खांब काय पळून जायला न्हाईत! काल बी तिथंच होतं!"

चेंडू मारून झाल्यावर पाय पुढे झुलत गेला पाहिजे, हाही एक धडा. येथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. चेंडू पायाला लागून असतो तो सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. तेवढ्यात तो गेला. गेलेल्या चेंडूला मागे राहिलेला पाय काय करतो याच्याशी काय कर्तव्य? बँकेत पैसे देऊन झाल्यावर मी गिऱ्हाइकाकडे बघून हसलो काय आणि नाही काय, रक्कम तीच राहते. सर म्हणाले, "साहेब, म्होरं जायचं न्हाई असं ज्या पायानं ठरवलंय, त्यो चेंडूच्या अलीकडंच ब्रेक दाबतोय." यावर मी दोन दिवस विचार केला. अनेक सुविचारांवर मी याच्या निम्माही विचार केलेला नाही.

तर हे सगळे आमचे चिरंजीव शिकले. टेकायचा पाय वीतभर, घोटा घट्ट, मान खाली, पाय झुलता. बघत राहावे असे मारायचे. फक्त गोल व्हायचा नाही. चेंडू खांबाला चाटून जायचा, गोलकीपरच्या पोटात जायचा, एकदा तर मैदानाकडेला वाळत घातलेल्या रेनकोटात गेला.

आणि त्याच मैदानावर एक दुसरा पोरगा होता. बारकासा, काटकुळा, एका टेम्पो चालवणाऱ्या गृहस्थांचा. तो समोरून सरळ धावत यायचा आणि बुटाच्या टोकाने, म्हणजे शुद्ध अंगठ्याने, चेंडूला एक ढोसणी द्यायचा. मान वर, अंग मागे, हात कुठेही. सरांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध. चेंडू वर चढायचा, आणि जाळीत जाऊन पडायचा. महिन्याभराच्या खेळात त्याचे अकरा गोल झाले होते, चिरंजीवांचे दोन. मी मोजत नव्हतो. पण सबंध दिवस मोजण्याचे काम करणाऱ्या माणसाचे आपोआप मोजले जाते.

सर प्रत्येक वेळी शिट्टी वाजवायचे. "गोल हाय. पर किक चुकलीया." आणि पोरगा उड्या मारता मारता मध्येच थांबायचा. ते बघवत नसे. आयुष्यात आनंद झालेला असताना तो नियमबाह्य आहे असे कळावे, यासारखे वाईट काही नाही. आमच्याकडे एकदा बोनस जमा होऊन दुसऱ्या दिवशी परत वजा झाला होता, तेव्हा अख्ख्या ब्रँचचा चेहरा असा झाला होता.

मैदानाच्या कठड्यावर आम्ही बाप लोक बसत असू. तिथे या प्रश्नावर रोज परिसंवाद चाले. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते साधनशुचितेच्या बाजूचे. साध्य कितीही चांगले असले तरी साधन अशुद्ध असेल तर ते आम्हाला नको, असे ते गांधीजींचे नाव घेऊन सांगत. त्यांचा नातू गोलकीपर होता आणि ते अकराच्या अकरा गोल त्याच्यावर झाले होते, हा निव्वळ योगायोग समजावा. दुसरे एक कापडदुकानदार. त्यांचे म्हणणे, गिऱ्हाइकाने कापड घेतले की विषय संपला; ते मी कुठल्या हाताने मापले हे कोण विचारतो? टेम्पोवाले गृहस्थ स्वतः यात पडत नसत. ते एवढेच म्हणत, "गोल झाला न्हवं?" आणि तंबाखू मळत. त्यांच्या या प्रश्नाला मुख्याध्यापकांकडे उत्तर नसे. कठड्यावर कुणाकडेच नसे.

माझे मत काय, असे मला कुणी विचारले नाही, तरी मी दिले. बी.कॉम.ला आम्हाला हिशेबातल्या चुकांवर एक सबंध प्रकरण होते. त्यात एक फार नामी जात आहे, एकमेकींना झाकणाऱ्या चुकांची. समजा, एका खात्याच्या नावे बाजूला शंभर रुपये कमी लिहिले आणि दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याच्या नावे बाजूला शंभर जास्त लिहिले. दोन्ही चुका. पण तेरीज पत्रक काढले की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. साहेब सही करतो, सगळे घरी जातात. जुळलेली तेरीज म्हणजे हिशेब बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हे वाक्य आमच्या प्राध्यापकांनी चार वेळा लिहून दिले होते. त्या पोराचा गोल ही अशी जुळलेली तेरीज होती. अंगठ्याने मारलेला चेंडू वर उडतो ही एक चूक. आणि मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर, म्हणजे आठ फूट, उंच असतो, त्यात उभा केलेला गोलकीपर जेमतेम साडेचार फुटांचा, ही दुसरी गफलत. मुख्याध्यापकांचा नातू उडी मारून जिथपर्यंत पोचतो त्याच्यावर चांगले आभाळ मोकळे राहते. पाच वर्षांनी त्या जागी सहा फुटांचा गडी उभा राहील आणि ते आभाळ भरून जाईल. म्हणून सर शिट्टी वाजवत होते.

हे माझे विवेचन कठड्याला पटले. पण मलाच रात्री झोप लागेना. कारण यात एक भोक होते.

बुटाचे टोकही गोल, चेंडूही गोल. दोन गोल वस्तू एका ठिपक्यावर भेटतात आणि केसभर इकडे-तिकडे झाले की चेंडू कॉर्नरच्या झेंड्याकडे जातो. म्हणून अंगठा वाईट, हे शास्त्र ठीक. पण मग २००२ सालच्या वर्ल्ड कपचे काय? ब्राझीलची तुर्कस्तानशी सेमीफायनल. एकच गोल झाला, तो रोनाल्डोने केला (टक्कल करून त्रिकोणी केस ठेवलेला तो रोनाल्डो), आणि तो बुटाच्या टोकाने केला. त्या एका अंगठ्यावर ब्राझील फायनलला गेले आणि वर्ल्ड कप घेऊन आले. त्या गोलला कुणी शिट्टी वाजवली नाही. उलट १९९४ साली पासाडेनाच्या फायनलमध्ये इटलीचा बाज्जो. पाय टेकवण्यापासून मान ठेवण्यापर्यंत ज्याच्याकडून शिकावे असा खेळाडू. सेमीफायनलचे दोन्ही गोल त्याचे. आणि अकरा मीटरवरून, समोर फक्त गोलकीपर असताना, त्याची पेनल्टी आडव्या खांबावरून गेली. वर्ल्ड कप ब्राझीलला. आयुष्यभर खात्यात भरत राहिलेला माणूस, आणि लोकांना आठवते ते एक न वटलेला चेक.

हे मी सरांपुढे मांडले. ते म्हणाले, "रोनाल्डोला बाकीच्या धा तऱ्हा येत हुत्या. तिथं पाय मागं घ्याला जागा नव्हती, म्हणून त्यानं अंगठा दिला. ह्येला अंगठाच येतोय."

हा मुद्दा मला एकदम कळला, कारण तो माझ्या टेबलावरचा होता. बँकेत अंगठा उठवणारा माणूस आला की पूर्वी साक्षीदार शोधावा लागे, शाई लागे, आणि रांगेतले सुशिक्षित लोक घड्याळाकडे बघत. आता आधार आल्यापासून एम.ए., पीएच.डी. झालेली माणसेही मशिनवर निमूटपणे अंगठा ठेवतात. अंगठा दोघांचाही तोच, मिळणारे पैसेही तेच. पण एकाने सही खिशात ठेवून अंगठा दिलेला असतो आणि दुसऱ्याच्या खिशात सहीच नसते. मात्र एक गोष्ट मी सरांना मुद्दाम सांगितली. ज्याच्या खिशात सही नाही, त्याचा अंगठासुद्धा पैसे मिळण्यापुरता पूर्ण खरा असतो. त्याला आम्ही "रक्कम दिली, पण तुमची पद्धत चुकली" असे म्हणत नाही. सर यावर काही बोलले नाहीत. गुडघा तेवढा वाजला.

पुढच्याच आठवड्यात प्रश्न कठड्यावरून माझ्या घरात आला. तेरा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी सोळा पोरे निवडायची होती. पंधरा ठरली. सोळाव्या जागेसाठी दोघे उरले: एक चिरंजीव, दुसरा अंगठा. सरांकडे एक शंभरपानी वही होती. तिच्यात गोलांचे एक घर आणि बरोबर मारलेल्या किकचे एक घर. चिरंजीव: किक एकतीस, गोल दोन. तो: किक चार, गोल अकरा. सर म्हणाले, महिनाभराने ठरवू.

त्या रात्री चिरंजीवांनी जेवताना विचारले, "बाबा, मी बरोबर मारतो तर गोल का होत नाही?" मी सांगितले की नवी पद्धत अंगात मुरेपर्यंत निकाल बिघडतात. आमच्या ब्रँचमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा पहिले तीन महिने रांग रस्त्यापर्यंत गेली होती. "आणि मग?" चिरंजीवांनी विचारले. खरे उत्तर असे की मग मशिनचा स्पीड वाढला आणि माणसे कमी केली. ते मी दिले नाही. भाजी वाढून घेतली.

दर गुरुवारी सर पोरांना बूट काढायला लावत. मैदानाच्या एका कोपऱ्यात जरा मऊ गवत आहे, तिथे अनवाणी चेंडू मारायचा. अनवाणी पायांचे आपल्याकडे केवढे नाव आहे! २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी फक्त एकाच्या पायात बूट होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकलाही आपले बरेचसे गडी अनवाणीच खेळले. तिथे फ्रान्सकडून १-२ ने हरले आणि मिळालेल्या दोन्ही पेनल्टी वाया घालवल्या, तेव्हा बूट काढले की सगळे सरळ होते असेही नाही. पण एक आहे, अनवाणी पायाने अंगठा मारता येत नाही. म्हणजे एकदाच मारता येतो. चूक आणि शिक्षा यांच्यात सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा जात नाही. असा चोख न्याय मी तरी दुसऱ्या कुठल्या खात्यात बघितलेला नाही.

त्या गुरुवारी अंगठेबहाद्दर बूट काढायला का-कू करत होता. काढले. तिरका धावत आला, मान खाली, पाय वीतभर, आणि चेंडू असा गेला की मुख्याध्यापक कठड्यावर उभे राहिले. सरांनी दुसऱ्यांदा मारायला लावले, तिसऱ्यांदा लावले. सगळे पुस्तकात छापावे असे. मग सर हळूहळू त्याच्या बुटांपाशी गेले, एक बूट उचलला आणि आत हात घातला. टोकातून वर्तमानपत्राचा बोळा निघाला. मग दुसरा निघाला. थोरल्या भावाचे बूट, सहा नंबरचे. पाय चार नंबरचा. एवढ्या मोठ्या बुटात घोटा घट्ट धरून बोटे खाली केली की पुढचे रिकामे टोक जमिनीत रुतते आणि पोरगा तोंडावर पडतो. तो एकदा पडला असेल, दोनदा पडला असेल. मग त्या बुटातून चेंडू मारण्याची जी एक तऱ्हा शिल्लक राहते, ती त्याने स्वतःच्या डोक्याने शोधून काढली होती. महिनाभर आम्ही कठड्यावर ज्याला चुकीची पद्धत म्हणत होतो, ती सहा नंबरच्या बुटातली बरोबर पद्धत होती.

पोरगा खाली बघत उभा होता. त्याने विचारले, "सर, मग त्ये अकरा गोल धरायचं न्हाईत का?"

सर म्हणाले, "धरलेत की रं, वहीत. खोडतोय व्हय मी?"

आमच्याकडे चिरंजीवांचे चार नंबरचे बूट माळ्यावर होते. पाय वाढला म्हणून दिवाळीत पाच नंबरचे घेतले होते. आता इथे खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. ते बूट द्यावेत हे उघड होते. ते दिले की सोळावी जागा जाणार हेही उघड होते. हेतू शुद्ध, साधन शुद्ध, आणि फळ काय येणार ते तारखेसकट माहीत. अशा कर्मावर काय भाष्य आहे हे बघण्यासाठी मी कपाटातून आमच्या वडिलांची गीता काढली. तेवढ्यात सौभाग्यवती माळ्यावरून उतरली. तिने बूट झटकले, जुन्या नाड्या काढून नव्या ओवल्या, पिशवीत घालून पिशवी चिरंजीवांच्या दप्तराला अडकवली आणि मला म्हणाली, "पुस्तक काढलंच आहे तर त्या कपाटाची धूळही पुसून घ्या."

पुढचे तीन आठवडे जे झाले ते गीतेत नाही. पोरगा नव्या बुटांत आला. घोटा घट्ट, बोटे खाली, नाड्यांवर चेंडू. सरांच्या वहीतल्या किकच्या घरात रोज खुणा वाढू लागल्या. आणि गोल बंद झाले. एकूण एक बंद. चेंडू जमिनीलगत जोरात जायचा आणि बरोबर साडेचार फुटी गोलकीपरच्या हातात. मुख्याध्यापक नातवाला रोज पेढा आणू लागले. आणि एका सकाळी टेम्पोवाले गृहस्थ कठड्यावर माझ्याशेजारी येऊन बसले, तंबाखू मळली, आणि फार सभ्यपणे म्हणाले, "साहेब, रागावू नका. पर तुमच्या बुटानं पोराचं गोल खाल्लं."

मी त्यांना तेरीज पत्रकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पाच वर्षांनी सहा फुटी गोलकीपर येईल हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पाच वर्सांनी त्यो खेळंल का माझ्यासंगं गाडीवर यील, कुणाला ठावं? टीम तर ह्या महिन्यात हाय." यावर मी गप्प बसलो. मुख्याध्यापकही गप्प बसले. कापडदुकानदार म्हणाले, "बरोबर आहे," पण कुणाचे, ते त्यांनी सांगितले नाही. तेवढ्यात समोर त्यांच्या पोराने एक किक मारली. ती खांबाला लागली, आणि खांब बराच वेळ थरथरत राहिला. टेम्पोवाले उठून उभे राहिले. "आवाज बाकी चांगला आला," ते म्हणाले आणि जाईपर्यंत पुन्हा बसले नाहीत.

निवड अजून व्हायची आहे. सरांनी आणखी आठ दिवस मागून घेतले आहेत. मला त्यांच्या जागी बसायला सांगितले तर मी रजेचा अर्ज टाकीन.

चिरंजीवांचा मात्र परवा शनिवारी गोल झाला. गोलासमोर सात-आठ पायांची गर्दी होती, चेंडू कुणाच्या तरी गुडघ्यावरून उडून आला, आणि चिरंजीवांनी घाईघाईने पाय घातला. टोकाने. शुद्ध अंगठा. चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून जाळीत. सगळ्यात आधी तो नव्या बुटांतला पोरगा येऊन त्यांच्या गळ्यात पडला. सरांनी वही उघडली, पेन काढले, माझ्याकडे बघितले आणि गोलाच्या घरात एक रेघ ओढली. शेजारच्या घरावर पेन थोडा वेळ तसेच धरले, मग वही मिटली.

स्कूटरवरून घरी जाताना आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. रंकाळ्याच्या वळणावर मागून आवाज आला, "बाबा, आईला सांगताना नुसतं गोल झाला म्हणायचं."